पेटीच्या हातांनी सोल जॅझ ऑर्गन: लॉनी स्मिथच्या वाटेने

माझ्याकडे पेटी शिकायला येणाऱ्या मुलांतली निम्मी हल्ली घरून कीबोर्ड घेऊन येतात. त्यांतलं एखादं हमखास विचारतं, "बाई, तो गुरगुरणारा ऑर्गन कसा वाजवतात?" गुरगुरणारा म्हणजे हॅमंड, विजेवर चालणारा ऑर्गन. मी सांगलीची, संगीत नाटकांना पायाच्या ऑर्गनवर साथ करत आलेली; हॅमंडचा नाद मला साथीतूनच लागला. हे टिपण त्या मुलांसाठी आहे, आणि ज्यांचा हात पेटीवर बसलाय अशा कुणासाठीही. पाश्चात्त्य नोटेशन येत नसलं तरी अडणार नाही, सगळं सरगममध्येच सांगते.

शिकायचं कुणाकडून, तर डॉ. लॉनी स्मिथकडून. हा सोल जॅझचा, म्हणजे ब्लूज आणि गॉस्पेलच्या वळणाच्या जॅझचा, अमेरिकन ऑर्गनवादक. जॅझमधल्या हॅमंडची आजची रीत जिमी स्मिथने बसवली हे खरं (दोघांचं नातं काही नाही, आडनाव तेवढं एक), आणि जाणकार मंडळी तिथूनच सुरुवात करायला सांगतात. मी सांगत नाही. जिमीची बोटं अशी पळतात की नवखा माणूस उजव्या हाताच्या मागे धावत सुटतो आणि डावा हात कायमचा कच्चा राहतो. लॉनी थोड्या सुरांत काम भागवतो. थांबतो, पुटपुटतो, मग एकदम अंगावर येतो. नाट्यगीतं ऐकून तयार झालेल्या कानाला तो लवकर उमगतो. नावाआधीच्या 'डॉक्टर'वर जाऊ नका, पदवी वगैरे काही नव्हती.

आधी गळा

लॉनीचा जन्म १९४२चा, न्यूयॉर्क राज्यातल्या लॅकवॉनाचा. बफेलोला लागून असलेलं पोलाद कारखान्याचं गाव. गाणं त्याला घरातून मिळालं, मुख्यतः आईकडून: चर्चमधलं गॉस्पेल, ब्लूज, जॅझ, सगळं एकत्रच कानावर पडलं. तो आधी गायला. पोरवयात गाणाऱ्या मुलांच्या ताफ्यांत असायचा; त्यांतल्या 'टीन किंग्ज'मध्ये पुढे सॅक्सोफोनवर मोठं नाव काढलेला ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरही होता. शाळेत ट्रम्पेट वाजवला. ऑर्गन या सगळ्याच्या नंतर आला, आणि तोही कुठल्या वर्गात न जाता, कानाने.

तेव्हा पहिले काही दिवस वाद्याचं झाकण उघडूच नका. पांढरी चार हा सा धरा, कारण ब्लूजला ही पट्टी सोयीची आणि पुढे रेकॉर्डबरोबर वाजवतानाही उपयोगी पडते. सा, कोमल ग, म, प, कोमल नी हे पाच सूर वर-खाली गा. तीव्र मध्यम फक्त जाता-येता, त्यावर थांबायचं नाही. आता गंधाराची गंमत. ब्लूज गाणारा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी लावतो. गळ्याला ते जमतं, पट्टीवर तो सूरच नाही. म्हणून ऑर्गनवाला कोमल गंधाराचा कण देऊन शुद्धवर सरकतो. गळ्यात तो गंधार एकदा बसला की बोट आपोआप तसं पडतं. उलट क्रमाने गेलात तर वर्षभर नुसता कण वाजत राहील, ब्लूज होणार नाही. जोग राग ऐकणाऱ्यांना दोन्ही गंधार ओळखीचे वाटतील, पण जोगाचं चलन इथे आणू नका. माझ्या एका शिष्याने आणलं होतं. सुरेख वाजवलं, फक्त ते जोगच होतं.

गाताना टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या. समेवर टाळी द्यायची आपली सवय इथे मोडावी लागते आणि ती सहज मोडत नाही. शिवाय मात्रेचे दोन सारखे तुकडे करायचे नाहीत. तीन करायचे आणि मधला गाळायचा. झोल तिथून येतो.

वाद्य कुठून आणायचं

बफेलोत आर्ट कुबेरा नावाच्या गृहस्थाचं वाद्यांचं दुकान होतं. लॉनी तिथे जाऊन बसायचा, दुकान बंद होईपर्यंत. एके दिवशी कुबेराने विचारलं, रोज येऊन बसतोस कशाला? पोराने सांगितलं की वाद्य मिळालं तर शिकेन, आणि शिकलो तर पोट भरेन. कुबेराने त्याला मागच्या खोलीत नेलं. तिथे हॅमंड उभा होता. इथून बाहेर नेता येत असेल तर तुझा, म्हणाला. लॉनी पुढे जन्मभर त्या माणसाला देवदूत म्हणत राहिला.

'बाहेर नेता येत असेल तर' ही अट थट्टेची वाटते, पण बाक आणि पायपट्ट्यांसकट बी-३ दोनशे किलोच्या आसपास जातो. आत ९१ दातेरी चकत्या एका मोटरवर फिरतात आणि प्रत्येकीसमोर चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. भाता नाही, पत्ती नाही, नळी नाही. लॉरेन्स हॅमंडने १९३५मध्ये हा बाजारात आणला तो चर्चना नळ्यांच्या ऑर्गनऐवजी स्वस्तात काहीतरी द्यायला. बी-३ हे रूप पन्नाशीच्या दशकातलं, आणि सत्तरीच्या मध्यात ते बंदही झालं.

आपल्याला त्या लोखंडाच्या मागे लागायची गरज नाही. ड्रॉबार, म्हणजे आवाज घडवायच्या सरकत्या दांड्या, असलेला कुठलाही डिजिटल ऑर्गन किंवा यामाहाच्या वायसी ६१सारखा कीबोर्ड चालतो. संगणक असेल तर सेटबीफ्री नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते साध्या मिडी कीबोर्डला जोडा. घरी अरेंजर कीबोर्ड असेल तर त्यात ड्रॉबार सरकवता येणारा ऑर्गनचा आवाज आहे का बघा. नुसता 'रॉक ऑर्गन' निवडून बसलात तर पुढचं बरंचसं सांगणं वाया जाईल.

घेतल्यावर लगेच तीन गोष्टी करा. टच बंद करा, कारण हॅमंडवर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तोच. सूर लांबवणारं सस्टेनचं पेडल काढून ठेवा. आणि आवाज कमी-जास्त करणारं एक्स्प्रेशन पेडल विकत घ्या. पैसे कमी पडत असतील तर कीबोर्ड साधा घ्या, पण हे पेडल घ्याच.

डाव्या हाताचं काम उजव्या पायाकडे

पेटीवाल्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

पेटीवर आपला उजवा हात वाजवतो आणि डावा भाता हलवतो. सुराचा श्वास डाव्या हातात असतो: गायक षड्जावर विसावला की भाता हलका करायचा, तान सुटली की भरायचा. हे कुणी वेगळं शिकवत नाही, साथ करता करता मुरतं. हॅमंडवर नेमकं हेच काम उजव्या पायाच्या पेडलने करायचं असतं. पियानो वाजवून आलेल्यांना ते जड जातं, कारण त्यांचा सगळा जोर बोटांत असतो. ते पेडल अर्ध्यावर ठेवतात आणि विसरून जातात. आपल्याला भात्याची जाण आधीच आहे, ती फक्त हातातून पायात उतरवायची.

त्यासाठी एकच सूर धरा. उजव्या हाताने सा दाबून ठेवा आणि पायाने त्याला हळूहळू फुलवा, मग तितक्याच सावकाश विझत आणा, पूर्ण बंद न करता. मग एखादं ओळखीचं पद, तुमच्या पेटीवर रोज असेल ते, फक्त पायाने जिवंत करा. ओळीच्या शेवटी पाय किंचित वर. नवी ओळ उचलताना पाय खाली जातोच, पण सुराच्या नंतर नाही, बरोबर. कच्चा वाजवणारा इथेच ओळखू येतो: त्याचा पाय मात्रा मोजायला लागतो आणि आवाज हिंदकळतो. तसं होत असेल तर बूट-चप्पल काढा, टाच जमिनीवर टेकवा आणि मात्रा डाव्या पायाला मोजू द्या.

लॉनीची खरी करामत या पायात आहे. तो अख्खा वाद्यवृंद कुजबुजीवर आणतो, इतका की श्रोते पुढे वाकतात, आणि ती कुजबूज चांगली लांबवतो. मग एका कॉर्डवर, म्हणजे एकत्र दाबलेल्या सुरांवर, पेडल उघडतो. बोटांनी त्यात विशेष काही केलेलं नसतं.

दांड्यांची सरगम

ड्रॉबार नऊ, प्रत्येक ० ते ८. इंग्रजी पुस्तकांत त्यांना फुटांची नावं असतात, १६, ५⅓, ८ अशी. नळीच्या ऑर्गनवरून आलेली. आपल्याला सरगमच सोपी. मध्य सा ची पट्टी दाबलीत तर पहिली दांडी खर्जाचा सा देते, दुसरी मध्य पंचम, तिसरी खुद्द मध्य सा. चौथी तार सा, पाचवी तार पंचम, सहावी त्याच्या वरचा सा. सातवीत गंधार येतो, आठवीत पंचम, नववीत सगळ्यात वरचा सा. तानपुऱ्यात कान देऊन गंधार शोधणाऱ्यांना हे नवं नाही. तिथे ते सूर आपसूक उमटतात, इथे दांडी ओढून घ्यायचे.

सुरुवातीला एकच जुळणी पुरे. हॅमंडला वर-खाली दोन कीबोर्ड असतात; वरच्या कीबोर्डवर पहिल्या तीन दांड्या पूर्ण बाहेर, बाकी आत. पर्कशन, म्हणजे सुराच्या तोंडाशी येणारा 'टक्', चालू, तिसऱ्या हार्मोनिकवर, लवकर विझणारं. सूर थरथरवणाऱ्या व्हायब्रेटोची कळ सी-३वर. खालच्या कीबोर्डवर बाससाठी, म्हणजे खर्जातल्या चालीसाठी, पहिली आणि तिसरी पूर्ण, दुसरी तीन-चारवर. दांड्या ओढत बसायचा मोह होतो, पण महिनाभर हात लावू नका.

डावा हात

भाता पायाकडे गेला, म्हणजे डावा हात मोकळा झाला. आता त्याला बास वाजवायचा आहे, आणि पेटीवाल्याच्या डाव्या हाताने आयुष्यात सूर वाजवलेला नसतो. पायाच्या ऑर्गनवर साथ करणाऱ्यांचं थोडं बरं असतं. बाकीच्यांनी मान्य करून टाकावं की हा हात बालवर्गात आहे.

सोल जॅझच्या ऑर्गन ताफ्यात सहसा बासवाला नसतो. तो ऑर्गनवाल्याच्या डाव्या हातात असतो. डावा पाय पायपट्टीवर मधूनमधून हलके टोले देतो, तबल्यावर डग्ग्याची घुमारी यावी तसा सुराला बूड येण्यापुरता. संथ गाण्यात पाय पूर्ण बास घेतो आणि हात कॉर्डला मोकळा होतो, पण ते पुढचं. पायपट्ट्या नसतील तर काही बिघडत नाही. एकच कीबोर्ड असेल तर तो स्प्लिट करा, खालची दोन सप्तकं बासला द्या.

आता बारा घरांचा ब्लूज. प्रत्येक घर चार मात्रांचं. सा ची चार घरं, म ची दोन, सा ची दोन, मग प चं एक, म चं एक, शेवटी सा ची दोन. एवढाच आराखडा, आणि त्यावर हजारो चिजा उभ्या आहेत. प्रत्येक कॉर्डमध्ये त्याच्या स्वतःच्या षड्जाचा कोमल निषाद असतो. पांढरी चारच्या कॉर्डमध्ये सा ग प आणि कोमल नी. मध्यमाच्या कॉर्डमध्ये म ध सां आणि, इथे थांबा, कोमल गं. म्हणजे पहिल्या घरातला शुद्ध गंधार पाचव्या घरात कोमल होतो. गळ्याने जो गंधार दोन्हींच्या मध्ये शोधला त्याला कॉर्डांतच अशी जागा आहे. हे कानाने कळलं की घरं मोजायची गरज उरत नाही. गंधार उतरला म्हणजे मध्यमावर आलो.

बास असा चालवा. सा वर दोन घरं: सा ग प ध, कोमल नी ध प ग. मध्यमावर तोच नमुना उचलून ठेवा: म ध सां रें, कोमल गं रें सां ध. पंचमाचं एक घर: प नी रें गं. प्रत्येक मात्रेला एक सूर, सगळे सारख्या वजनाचे, एकातून दुसऱ्यात जाताना फट नको. चाल बदलायची हौस आली तर एकच नियम: चौथ्या मात्रेचा सूर पुढच्या घराच्या षड्जाला अर्ध्या सुराने चिकटलेला असावा. मध्यमाकडे जाताना शुद्ध ग तिथे आहेच. पंचमाकडे जायचं तर तीव्र म किंवा कोमल ध.

मेट्रोनोम लावताना तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजतोय असं धरा. लय संथ ठेवा. डावा हात चालू असताना समोरच्याशी बोला: आज काय भाजी केली, किराणा कुठून आणला, काहीही. बोलता बोलता हात चुकला नाही तरच उजवा हात उचलायचा. मुलांना हा प्रकार छळ वाटतो. पण मी यात सूट देत नाही.

उजवा हात, थोडक्यात

पर्कशनचा 'टक्' फक्त तेव्हाच येतो जेव्हा वरच्या कीबोर्डवरची सगळी बोटं उचलून नवी पट्टी दाबली जाते. पेटीवर आपण सूर सुरात मिसळत जातो, एक बोट उचलायच्या आत दुसरं पडलेलं असतं. तसं केलंत तर टक् एकदाच येईल, पहिल्या सुराला. ओळीत जिथे आघात हवा तिथे सगळी बोटं उचला, बाकी ठिकाणी मिसळा. कुठे उचलायचं हेच तुमचं बोलणं. आणखी एक: पर्कशन चालू असताना खऱ्या बी-३वर नववी दांडी गप्प होते. ती ओढूनही काही फरक पडत नाही म्हणून वाद्य बिघडलं असं समजू नका.

सुरुवातीला उजव्या हाताला तीनच सूर द्या, सा, कोमल ग, म, आणि अख्खी बारा घरं त्यांत काढा. लॉनीचा एखादा छोटा तुकडा गाऊन पाठ करा, मग पट्टीवर शोधा. लिहून घेऊ नका.

लेस्ली म्हणजे फिरता कर्णा असलेला स्पीकर. डॉन लेस्लीने तो काढला आणि हॅमंड कंपनीला बरीच वर्षं तो डोळ्यांसमोर नको होता. त्याला दोन वेग असतात. बहुतेक वेळ संथ ठेवा. वेग बदलला की कर्णा लगेच पळत नाही, गती घ्यायला वेळ लागतो, आणि रंग त्या वेळातच आहे. म्हणून कळ समेच्या आधी दाबा. दर ओळीला लेस्ली फिरवणाऱ्याला मी दोनदा सांगते, तिसऱ्यांदा कळ काढून घेते.

मग साथ

लॉनी स्वतःच्या नावाने नंतर वाजला, आधी दुसऱ्यांच्या मागे. १९६६मध्ये गिटारवादक जॉर्ज बेन्सनच्या चौकडीत होता. तिथून सॅक्सोफोनवादक लू डोनाल्डसनच्या १९६७च्या 'अ‍ॅलिगेटर बुगालू'वर आला, ती रेकॉर्ड चांगलीच चालली आणि ब्लू नोट कंपनीने त्याला स्वतःच्या नावावर घेतलं. तुम्हीही ऐकायला तिथूनच सुरुवात करा, पण सॅक्सोफोनकडे लक्ष देऊ नका. बासवाला नाही, तळाशी जे चाललंय तो लॉनी. एकदा फक्त बास गुणगुणत ऐका. दुसऱ्यांदा सॅक्सोफोन श्वास घेतो त्या फटींत ऑर्गन काय टाकतो ते बघा: दोन-तीन सुरांची कॉर्ड, छोटीशी, आणि लगेच बाहेर. आपण गायकामागे भरणा करतो त्याच न्यायाने. सगळ्या जागा भरून टाकणारा साथीदार कुणालाच आवडत नाही, अटलांटिक सिटीतही नाही.

अटलांटिक सिटी म्हटलं ते त्याच्या 'मूव्ह युअर हँड' या रेकॉर्डसाठी, १९६९मध्ये तिथल्या क्लब हार्लेममध्ये लोकांसमोर ध्वनिमुद्रित झालेली. लॉनी त्यात गातोही, म्हणजे गळा आणि ऑर्गन शेजारी ठेवून ऐकता येतात. वाक्यं एकाच घाटाची आहेत. शेवटी 'ऑल इन माय माइंड' ऐका. न्यूयॉर्कच्या जॅझ स्टँडर्डमध्ये पंचाहत्तरीच्या वाढदिवसाच्या वेळची मैफल, सोबत मुख्यतः गिटार आणि ड्रम. २०१७मध्येच त्याला अमेरिकन सरकारच्या कला संस्थेचा जॅझ मास्टर हा मान मिळाला आणि २०२१च्या सप्टेंबरात तो गेला. त्या मैफलीत पाऊलभर मागे राहून वाजवणं काय असतं ते ऐकू येतं.

तुमच्या गावात गिटारवाला आणि ड्रमवाला मिळतोच, गणपतीच्या ऑर्केस्ट्रात तरी. बसायच्या आधी गिटारवाल्याला सांगा की खालच्या दोन तारा सोडून दे, तिथे माझा डावा हात आहे. ड्रमवाल्याला बास ड्रम हलका ठेवायला सांगा, नाहीतर तुमचा खर्ज बुडेल. स्पीकर कानाच्या उंचीला नको, जमिनीवर ठेवा आणि शक्यतो कोपऱ्याजवळ, बास भरून येतो. पहिली बैठक अख्खी बास आणि कॉर्डमध्ये काढा. सोलो गिटारवाल्याला घेऊ द्या, दोन नाही, चार फेऱ्या घेऊ द्या, आणि त्याने मान वळवून तुमच्याकडे बघितलं तरच उजवा हात वर न्या.